तोंड तिकडं, पोट इकडं

बेलीफ आला तेव्हा राजगोंडा चौगुले आपल्या अंगणात पेवाच्या दगडावर बसून शेंगा फोडत होता. बेलीफानं त्याला नमस्कार केला, दोन शेंगा तोंडात टाकल्या आणि समन्सच्या पाठीमागं लिहिलं : 'घर बंद. प्रतिवादी मिळून आले नाहीत.'

पद्मिनी मगदूम आपल्या मिरची कांडपाच्या खिडकीतून हे सगळं बघत होती. मधे फक्त कंबरेएवढी भिंत. नाकात मिरचीचा खकाणा, डोळ्यांत पाणी, त्यात हे.

"अहो, ते काय बसलेत तिथं!" ती ओरडली.

"बाई, मी सरकारी माणूस. जे दिसतं ते लिहितो."

"मग ते दिसले नाहीत तुम्हाला?"

"दिसले. पण मिळून आले नाहीत." बेलीफानं टरफलं झटकली आणि गाडीला किक मारली.

राजगोंडानं भिंतीवरनं मूठ पुढं केली. "पद्माक्का, घे की शेंगा. भाजलेल्या हायत."

तिनं खिडकी आदळली. ज्या माणसावर आपण दावा लावलाय तो आपल्याला शेंगा देतो आणि सरकारी कागदावर तो घरातच नसतो. इथून पुढं काय काय बघावं लागणार याची ती नुसती चव होती.

ही गोष्ट फार लांबच्या काळातली नाही. आज ज्याला नोकरी लागलीय त्याला पेन्शन बसायच्या आत घडणारी. पेवठाण हे कृष्णाकाठचं गाव. इथली माती पांढुरकी, दाट, चिवट. पाणी आत सोडत नाही आणि खणली तर ढासळत नाही. जुन्या लोकांनी त्या मातीत मडक्याच्या घाटाची पेवं खणली. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत खोलीएवढं पोट. त्यात हळद भरायची, तोंडाशी पाचट आणि गवत दाबायचं, त्यावर मातीचा लेप ठोकायचा, वर दगड. आत हवा नाही, किडा नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची. मग एका महापुरानं पेवांतली हळद कुजवली, शहरात थंड गोदामं उभी राहिली, आणि पेवं ओस पडली. राजगोंडा एके काळचा हळदीचा अडत्या. त्याचंही पेव कधीचं रिकामं होतं, तरी दर वर्षी पुराच्या आधी तो त्याचं तोंड नव्यानं लिंपायचा. कशाला म्हणून विचारलं तर म्हणायचा, "बाप लिंपायचा."

पद्मिनीचा नवरा जिनदत्त गेल्यापासून कांडपानंच तिचं घर चालवलं होतं. मुलगी ऋजुता पुण्यातली नोकरी सोडून येणार होती, मसाल्याचा धंदा वाढवणार होती. त्यासाठी घराला लागून पक्की शेड हवी होती, शेडला परवानगी हवी होती, आणि परवानगीला आता भूगर्भ दाखला लागत होता. घराच्या खाली काय आहे ते सरकारला कळल्याशिवाय घराच्या शेजारी वीटही लावायची नाही, असा नवा कायदा.

दाखला निघायचा तो भूछाया यंत्रावर. त्यातलं विज्ञान अवघड नाही. अवकाशातून येणारे किरण हवेच्या वरच्या थरांवर आदळतात, आणि त्या टकरीतून म्यूऑन नावाचे कण खाली बरसतात. डोळ्यांना दिसत नाहीत, कातडीला कळत नाहीत. तळहात आभाळाकडं उघडा धरला तर साधारण दर सेकंदाला एक कण त्यातून आरपार जातो आणि पुढं जमिनीत शिरतो. वाटेत दाट माती लागली की काही कण तिथंच थांबतात. पोकळी लागली की जास्त कण पार होतात. मग जमिनीच्या पोटात एक पाटी ठेवायची आणि कुठल्या दिशेनं किती कण आले ते तिला मोजत बसू द्यायचं. हळूहळू वरच्या मातीची छाया उमटते, क्ष-किरणानं छातीची उमटते तशी. फरक एवढाच की इथं दिवा आभाळाचा असतो आणि त्याचं बिल येत नाही. पूर्वी शास्त्रज्ञ ही पाटी ज्वालामुखीचं पोट बघायला वापरायचे. मग ती स्वस्त झाली, चहाच्या ट्रेएवढी झाली. खाली उतरवायला गावोगाव विहिरी होत्याच.

पाटी काही आठवडे पद्मिनीच्या विहिरीत लटकली आणि छाया आली. चौगुल्यांच्या अंगणातल्या दगडाखालून एक काळी नळी खाली उतरत होती, भिंतीखालून तिरकी सरकत होती, आणि पद्मिनीच्या घराच्या बरोबर खाली फुगून भलंमोठं मडकं झाली होती.

दाखल्यावर शिक्का बसला : 'पोकळी. बांधकामास अयोग्य. पोकळी बुजवल्याचा पुरावा द्यावा.'

ती तशीच कागद घेऊन भिंतीशी गेली.

"अण्णा, तुमचं पेव माझ्या घराखाली आहे."

राजगोंडानं चष्मा लावून कागद उलटा धरला, मग सुलटा धरला. "आसंल की. मग?"

"मग बुजवायला पाहिजे. तुम्ही लेखी संमती द्या, भर मी घालते."

"बुजवायचं?" त्याचा आवाज चढला. "तोंड कुणाच्या दारात हाय? माझ्या. ज्याच्या दारात तोंड, त्येचं पेव. ह्या गावात हेच चालत आलंय. पोट कुठं गेलंय ते कोण इचारतंय?"

"यंत्र विचारतंय."

"मग यंत्रालाच सांग माती घालायला!"

त्याची बायको शालन ओट्यावरून म्हणाली, "आवं, जरा दमानं. पद्मी काय परकी हाय व्हय?"

"परकी न्हाय म्हणून तर! परक्यानं आसं मागितलं आसतं तर शेंगा दिल्या नसत्या, दगड दिला आसता."

पद्मिनीलाही चढली. घर आपलं, जमीन आपली, खाली भोक यांचं, आणि वर हा माज. दुसऱ्या दिवशी ती तालुक्याला ॲडव्होकेट किणीकरांच्या ऑफिसात बसली होती.

किणीकर गोड बोलायचे. छाया बघून ते खूश झाले. "अहो, जमिनीखालचा पुरावा चित्रासकट! असा दावा नशिबानं मिळतो."

"किती दिवस लागतील?"

"दावा म्हणजे एक जिना आहे, बाई. आधी नोटीस. तिचं उत्तर आलं की वादपत्र. आपलं काय म्हणणं आहे आणि कोर्टाकडं काय मागतोय ते त्यात लिहायचं. मग समन्स, म्हणजे त्यांना निरोप. मग त्यांची कैफियत, म्हणजे त्यांचं उत्तर. दोन्ही वाचून कोर्ट मुद्दे काढतं : भांडण नेमकं कशाकशावर आहे. मुद्दे निघाले की पुरावा. तिथून खरा खटला सुरू."

"म्हणजे एवढं सगळं झाल्यावर सुरू?"

"जिन्याच्या पायऱ्या असतातच की."

नोटीस गेली. उत्तर आलं : 'मजकूर सपशेल खोटा असून आमच्या अशिलास मान्य नाही.' आता चित्र समोर असताना खोटं काय, असं तिनं विचारलं. किणीकर म्हणाले, उत्तर असंच लिहितात. वादपत्र दाखल झालं. त्याला नंबर पडायच्या आधी कारकुनानं तीनदा त्रुटी काढली. एकदा समासाची, एकदा नकाशावर उत्तर दिशा दाखवली नाही म्हणून, आणि एकदा पहिल्यांदा सांगितलेली त्रुटी दुरुस्त का केली म्हणून.

वादपत्राबरोबर किणीकरांनी एक अर्ज जोडला होता. निशाणी पाच. दावा संपेपर्यंत प्रतिवादीनं पेवाला हात लावू नये, हे त्यात मागितलं होतं. समन्स तिसऱ्या खेपेला कसंबसं पोचलं, राजगोंडा आपल्या वकिलासह, म्हणजे ॲडव्होकेट बेडग्यांसह हजर झाला, आणि कोर्टानं हुकूम दिला : दोन्ही बाजूंनी वादग्रस्त जागा जैसे थे ठेवावी.

पद्मिनीनं त्या दिवशी एसटी स्टँडवर पेढे घेतले. किणीकरांना दिले, उरलेले घरी आणले. आयुष्यात तिनं स्वतःच्या पायावर धोंडा इतका आनंदानं कधी पाडून घेतला नव्हता.

तोवर पेवठाणात छायेची साथ पसरली होती. एकानं पाटी सोडली की शेजारचा सोडायचा. सोसायटीच्या चेअरमनच्या बंगल्याखाली त्याच्याच मेव्हण्याचं पेव निघालं. शाळेच्या मैदानाखाली देवस्थानाचं निघालं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे पाय एकाच मातीवर पडले त्यांना आता खालचं दिसायला लागलं, आणि जे दिसलं त्यावर प्रत्येकानं दावा ठोकला. खरं सांगायचं तर यंत्राचा काही दोष नव्हता. त्यानं जमीन काचेची केली. माणसंही काचेची होतील असं कुणी सांगितलं होतं?

आणि या सगळ्या छाया कोर्टात सिद्ध करायच्या तर तज्ज्ञ साक्षीला उभा राहायला हवा. असे तज्ज्ञ अख्ख्या विभागात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. यंत्र काही आठवड्यांत खरं काय ते सांगायचं, आणि ते खरं कोर्टाच्या बाहेर बाकड्यावर बसून आपल्या नावाचा पुकारा कधी होतो याची वाट बघत राहायचं.

राजगोंडाची कैफियत यायला मुदतीवर मुदत गेली. बेडगे कधी दुसऱ्या कोर्टात असायचे, कधी त्यांची कंबर धरलेली असायची. आली तेव्हा तिच्या शेपटीला प्रतिदावा होता. चौगुल्यांनीही आपल्या विहिरीत पाटी सोडली होती. पद्मिनीच्या सासऱ्यांनी बांधलेला शोषखड्डा भिंतीखालून हातभर त्यांच्या हद्दीत गेलेला निघाला.

"आमच्या हद्दीत तुमची घाण!" राजगोंडा कोर्टाच्या व्हरांड्यात म्हणाला.

"तुमच्या सुनेचं बाळंतपण झालं तेव्हा तुमच्या घरातलं सगळं धुणं त्याच खड्ड्यावरच्या माझ्या मोरीवर झालं होतं, अण्णा. तेव्हा हद्द कुठं होती?"

"तेव्हा पाटी नव्हती," तो म्हणाला.

गावी परत जाताना दोघं एकाच एसटीत चढली. वेगवेगळ्या टोकाला बसली. तिकिटं मात्र शालननं काढली, तिघांची.

सरकारचा भूगर्भ नोंदणी विभागही आता दाव्यात आवश्यक पक्षकार म्हणून सामील झाला. त्यांचा एक माणूस प्रत्येक तारखेला यायचा आणि म्हणायचा, वरून सूचना आल्या नाहीत. मग कोर्टानं जागा बघायला कमिशनर नेमला. हा एक तरुण वकील. राजगोंडाला दगड सरकवायला लावून त्यानं जुना लेप फोडायला सांगितला. आत उतरायच्या आधी राजगोंडानं दोरीला कंदील बांधून खाली सोडला. कंदील गळ्यापर्यंत गेला आणि विझला.

"हे काय झालं?" कमिशनर.

"आत हवा न्हाय, सायेब. दिवा विझला की माणूसबी विझतो."

कमिशनर दोन पावलं मागं सरकला. "मग मी तज्ज्ञांच्या भेटीनंतर बघेन. तोवर हे असंच उघडं ठेवा."

"उघडं?" पद्मिनी आणि राजगोंडा एकदमच म्हणाले. कित्येक महिन्यांत ती दोघं पहिल्यांदा एक शब्द एकत्र बोलली.

"जैसे थे आहे ना? मी उघडं बघितलं, म्हणजे ते उघडं राहणार." त्यानं भोवती लाल फीत बांधली, एका काठीवर विभागाची नजरपेटी लावली, म्हणजे कुणी हात लावला तर पेटीला कळेल, आणि तो निघून गेला. लिंपलेलं तोंड उघडं पडलं आणि उघडं राहणं हाच कायदा झाला.

तज्ज्ञ डॉक्टर रेहाना मुल्ला यायला उन्हाळा सरत आला. बारीक चणीच्या, थकलेल्या बाई. एका दिवसात चार गावं करायच्या. त्यांनी दोन्ही विहिरींत आपल्या पाट्या सोडल्या आणि काही आठवड्यांनी परत आल्या तेव्हा पद्मिनीच्या ओट्यावर चहा घेत त्यांनी यंत्राचा पडदा उघडला.

"आधीच्या छायेत फक्त पोकळी शोधली होती. मी दोन बाजूंनी घेतली, त्यामुळं घराचं जोतंही दिसतंय. हे बघा." त्यांनी बोट ठेवलं. "तुमचं घर गल्लीतल्या बाकीच्या घरांपेक्षा पुरुषभर उंच का आहे?"

"सासऱ्यांनी भर घातली होती. पुरासाठी."

"कुठली माती?"

पद्मिनीनं खांदे उडवले. डॉक्टरांनी जोत्याच्या कोपऱ्यातला ढिला चिरा सरकवून आतली चिमूटभर माती काढली आणि पेवाच्या कडेच्या मातीशेजारी तळहातावर ठेवली. दोन्ही सारखीच, पांढुरकी, बोटाला चिकटणारी. "घनता जुळते, आकारमान जुळतं. जेवढी पोकळी खाली आहे तेवढीच भर वर आहे. मी अहवालात एवढंच लिहू शकते. कुणी कुणाचं काय खणलं हे म्यूऑनला विचारू नका."

शालन भिंतीपलीकडून ऐकत होती. ती कसली गप्प बसणार. "मी सांगते की. सासूबाई सांगायच्या. आमच्या सासऱ्यांना पेव पायजे हुतं, तुझ्या सासऱ्यांना भर पायजे हुती. ज्याला भर पायजे त्येनं माती उचलायची, आशीच रीत. म्हणून तर खणत खणत तुमच्याच बाजूला गेले, घमेली लांब वाहायला नकोत म्हणून. मजुरी कुणी कुणाला दिली न्हाय."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय, वैनी?"

"कुणी इचारलं आम्हाला? तुमचे वकील बोलत हुते!"

पद्मिनीनं जोत्याकडं बघितलं. महापुराचं वर्ष तिला लख्ख आठवलं. गल्लीत पाणी छातीएवढं आणि तिचा उंबरा कोरडा. चौगुल्यांचं अख्खं घर स्टोव्हसकट तिच्या माजघरात. राजगोंडा तिच्याच स्वयंपाकघरात बसून बडबडत होता, माझ्या पेवातली हळद गेली, पार गेली. ज्या खड्ड्यात त्याची हळद कुजली त्याच खड्ड्याच्या मातीवर तो कोरडा बसला होता. आणि ती आता त्याला कोर्टात म्हणत होती, तुमच्या खड्ड्यानं माझं नुकसान केलं.

दुसऱ्या दिवशी ती किणीकरांकडं गेली. "मला दावा काढून घ्यायचाय."

"काढता येईल." किणीकरांनी सुस्कारा सोडला. "पण त्यांचा प्रतिदावा स्वतंत्र उभा आहे. जैसे थे त्यातही आहे."

"तो अण्णा काढून घेतील. मी बोलते."

"मग तडजोड पुरसीस करू, म्हणजे भांडण मिटलं असं कोर्टाला लिहून देऊ. सगळ्या पक्षकारांच्या सह्या लागतील."

"दोघांच्या लगेच देते."

"तिघांच्या, बाई. नोंदणी विभाग आहे ना. त्यांच्या माणसाला सहीचा अधिकार नाही. फाइल वर जाईल."

"किती वर?"

किणीकरांनी छताकडं बघितलं. तिनंही बघितलं. छताला पंखा होता, तो फिरत नव्हता.

राजगोंडाला सांगायला ती भिंतीशी गेली तेव्हा तो सहजासहजी वाकला नाही. "आता कशी जिरली? माती कुणाची निघाली?"

"तुमची निघाली. बस?"

"मोठ्यांदा बोल."

"तुमची निघाली, अण्णा! गल्लीला ऐकू गेलं की नाही अजून?"

"गेलं," दोन घरं पलीकडून कुणीतरी म्हणालं.

राजगोंडानं पुरसीसवर सही केली. कागद विभागाकडं गेला आणि वरच्या वर चढत राहिला.

आषाढात धरणं भरली. पाणी सोडणार असल्याचे इशारे फोनवर यायला लागले, आणि पद्मिनीला पहिल्यांदा ते उघडं तोंड नीट दिसलं. लिंपलेलं पेव पुरात तग धरायचं; महापुरातही नुसता ओलावा झिरपून हळद कुजली, छत हललं नव्हतं. उघड्या तोंडातून पाणी घुसलं की आतून भिजलेलं छत खाली बसणार, आणि त्या छतावर तिचं घर उभं होतं. राजगोंडाचा बाप कशासाठी लिंपत होता ते आता तिला कळलं. हळदीसाठी नव्हतं ते. मगदुमांच्या घरासाठी होतं.

किणीकरांनी तातडीचा अर्ज दिला : तोंड लिंपायची परवानगी मिळावी. नेहमीचे न्यायाधीश रजेवर होते, कामकाज दुसऱ्या कोर्टाकडं. ते न्यायाधीश भले होते. गळ्यापर्यंत फायलींत बसलेले, तरी अर्ज वाचून घेतला आणि विभागाच्या माणसाकडं वळले. "यांचं म्हणणं काय?"

"लिंपल्यास पुराव्यात ढवळाढवळ होईल. लेखी म्हणणं द्यायला मुदत मिळावी."

"नदी मुदत देईल का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"त्याबाबत वरून सूचना नाहीत, साहेब."

पुढची तारीख पडली. ती पुराच्या पलीकडची होती.

पद्मिनी कोर्टातून आली ती थेट फावडं घेऊन जोत्याच्या दाराकडच्या कोपऱ्याशी गेली. ऋजुता कालच सामान घेऊन आली होती. ती दारात उभी राहिली. "आई, अगं पायरी का उचकटतेस?"

"माती पाहिजे. रानातली काळी माती फुटते, हीच लागते. पाचटाचा भारा आण, जा."

तिनं घमेलं भरलं आणि भिंतीवरून चौगुल्यांच्या अंगणात उतरली. राजगोंडा लाल फितीच्या बाहेर खुर्ची टाकून बसला होता, त्या भोकावर नजर लावून.

"अण्णा, उठा. लिंपून घ्या."

"हुकूम हाय."

"मला माहीत आहे. मीच आणलाय तो हुकूम. पेढे वाटलेत त्याचे."

"पेटी बगती हाय, पद्माक्का. उद्या मला आत टाकतील. ह्या वयात जेलातली भाकरी खायला लावतीस काय?"

"मला पण टाकतील. मी डबा करून आणीन."

"तू आत, मग डबा कोण करणार?"

"मी करीन की!" शालन पाचटाचा भारा ऋजुताच्या हातून ओढून घेत म्हणाली. "बसा आत दोघं. निदान मला तरी कोर्टाच्या वाऱ्या चुकतील." तिनं लाल फीत दातानं तोडली, लुगड्याचा काष्टा मारला आणि पहिली पेंडी पेवाच्या तोंडात दाबली.

राजगोंडा उठला. गुडघे वाजले. "आसं न्हाय, आडवं घाल. एक थर आडवा, एक उभा. तुला काय कळतंय लिंपायचं." मग त्यानं पद्मिनीच्या घमेल्यातली माती हातात घेतली, थोडं पाणी मारलं, मळली आणि वास घेतला. गुडघ्यावर बसून ठोकत राहिला. पद्मिनी जोतं खणून घमेली देत राहिली. काठीवरच्या नजरपेटीचा लाल दिवा सारखा उघडझाप करत होता. कुणी तिकडं बघितलं नाही.

पाणी चढलं, गल्लीत शिरलं, पद्मिनीच्या जोत्याच्या वरच्या चिऱ्याला लागलं. चौगुले पुन्हा तिच्या माजघरात आले. पाणी उतरलं तेव्हा पेवाचं तोंड तसंच बंद होतं, आणि घर जागेवर होतं.

गाळ अजून निघायचा होता, तोच बेलीफ आला. तोच बेलीफ. पद्मिनी आणि राजगोंडा दोघंही पेवाच्या दगडावर बसली होती, शेंगांचं सूप मधे.

"वा!" राजगोंडा म्हणाला. "आज काय, घर बंद?"

"नाही हो. आज तातडीचं आहे. काल निघालं, आज बजावायचं." त्यानं कागद पुढं केला. मनाईहुकमाचा भंग केल्याबद्दल नोंदणी विभागाचा अर्ज, नजरपेटीच्या चित्रांसह. एकाच कागदावर दोघांची नावं. सामनेवाला क्रमांक एक, पद्मिनी जिनदत्त मगदूम. क्रमांक दोन, राजगोंडा बाबगोंडा चौगुले.

पद्मिनीनं कागद वाचला. दाव्याला नंबर पडायला जेवढा वेळ गेला त्याच्या कणभरात हा कागद तालुक्यातून इथं आला होता. ओरडावं असं तिला वाटलं, पण ओरडणार कुणावर? बेलीफ तर शेंगा खात होता.

राजगोंडानं सही केली, पेन तिच्याकडं दिलं. "काय गं, झाला म्हणायचा का आता खटला सुरू?"

"आपल्या दोघांवरचा झाला," ती सही करत म्हणाली. "आपल्या दोघांतला अजून मुद्द्यांवर आहे."

बेलीफ निघताना पाणी प्यायला तिच्या दाराशी गेला आणि अडखळला. उंबऱ्याखाली पाय ठेवायला काहीच नव्हतं. जोत्याचा कोपरा खणून पोकळ झाला होता. तो वाकून बघायला लागला. "बाई, इथली पायरी कुठं गेली?"

पद्मिनीनं शेंग फोडली आणि बसल्या जागेवरूनच खाली बोट दाखवलं.

"जिथून आली होती, तिथं गेली. लिहा काय लिहायचं ते."